पीएच.डी.ची सिनॉप्सिस आरएसीत नेमकी कुठे अडकते? (ठाणे–नवी मुंबई)

रबाळे_लोकल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. समाजशास्त्रात अर्धवेळ पीएच.डी. चालू आहे, कोर्सवर्क झालं. पुढच्या महिन्यात संशोधन सल्लागार समितीपुढे म्हणजे आरएसीपुढे आराखडा (सिनॉप्सिस) मांडायचा आहे. सध्याचं शीर्षक असं आहे :

‘नवी मुंबईतील औद्योगिक क्षेत्रातील महिला कामगारांच्या समस्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास : विशेष संदर्भ ठाणे जिल्हा’

एकूण ३१ पानं, ९ उद्दिष्टं, ७ गृहीतकं, नमुना ३८४. मला कंत्राटी बायकांच्या आजारपणाचा आणि ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, पण सध्या तो एका परिच्छेदात आहे. समिती काय विचारते, कुठे परत पाठवते, कागदपत्रांत काय राहून जातं, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं. शीर्षकावरही निःसंकोच बोला.

घोडबंदर

आधी वेळेचं बोलतो, कारण तिथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान ३ वर्षं आणि प्रवेशाच्या तारखेपासून कमाल ६ वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी २ मिळतात, आणि स्त्रियांना तसंच ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २. घड्याळ सुरू होतं ते प्रवेशाच्या दिवशी. विषय मंजूर झाल्याचं पत्र येईपर्यंत वर्ष-दीड वर्ष गेलं, तर ते सहातूनच गेलं. म्हणून ‘अजून थोडं वाचून मग सादर करू’ हा विचार महागात पडतो.

क्रम साधारण असा असतो : प्रवेश, मार्गदर्शक, कोर्सवर्क, मग आराखडा आरएसीपुढे. आरएसीने ‘योग्य’ म्हटलं की विभाग किंवा संशोधन केंद्रामार्फत तो विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीकडे, म्हणजे आरआरसीकडे जातो आणि तिथून विषयमंजुरीचं पत्र निघतं. समित्यांची नावं विद्यापीठागणिक बदलतात, काम तेच. आरआरसी रोज बसत नाही. तिची बैठक चुकली की फाईल पुढच्या बैठकीपर्यंत टेबलावर. त्यामुळे आरएसीची तारीख ठरवताना पुढची आरआरसी कधी आहे, हे आधी विचारून घ्या आणि मध्ये दुरुस्त्यांसाठी किमान तीन आठवडे ठेवा.

आरएसीचे संयोजक तुमचे मार्गदर्शकच असतात. नियमातलं तिचं पहिलं काम ‘आराखडा तपासून विषय निश्चित करणे’ हेच आहे, आणि पुढेही दर सहामाहीला तुम्हाला तिच्यासमोर प्रगती मांडायची आहे. म्हणजे हीच माणसं पुढची काही वर्षं तुमच्यासोबत आहेत. त्यांच्या शेऱ्यांशी भांडू नका, पण न पटलेला शेरा मुकाट्याने स्वीकारूही नका. कारण द्या आणि ते कारण इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा.

खाडीकाठ

ताई, शीर्षकापासून सुरुवात करू. त्यात तीन अडचणी आहेत आणि तिन्ही पहिल्या पाच मिनिटांत विचारल्या जातील.

पहिली, भूगोल. ‘नवी मुंबई’ म्हणजे कोणती? महापालिका म्हणाल तर दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग, तो ठाणे जिल्ह्यात. सिडकोची नवी मुंबई म्हणाल तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेलही आली, आणि ते रायगड जिल्ह्यात. तिथे २०१६ पासून पनवेलची वेगळी महापालिका आहे. तळोजा एमआयडीसी रायगडात, टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक, म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातली) एमआयडीसी ठाण्यात. ‘विशेष संदर्भ ठाणे जिल्हा’ लिहून तुम्ही शहरापेक्षा मोठा प्रदेश शहराच्या पोटात घातला आहे. विशेष संदर्भ नेहमी लहान क्षेत्राचा असतो.

यातच आणखी एक सापळा आहे. जनगणना २०११ मधल्या ‘ठाणे जिल्ह्या’ची लोकसंख्या १,१०,६०,१४८ आहे, पण त्यात पालघर धरलेला आहे. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आजच्या सात तालुक्यांच्या ठाणे जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या ८०,७०,०३२ होते. एक कोटी दहा लाखांचा आकडा उचलून खाली नकाशा आजच्या जिल्ह्याचा लावलेले आराखडे सर्रास दिसतात. कामगारांचं प्रमाण, साक्षरता, स्त्री-पुरुष प्रमाण, सगळंच मग चुकतं, कारण जव्हार-मोखाडा आणि ऐरोली यांची सरासरी काढून काहीच कळत नाही. २०११ ची आकडेवारी वापरायची तर तालुकानिहाय तक्ते घ्या आणि स्वतः बेरीज करा.

दुसरी अडचण ‘समस्यांचा’ या शब्दाची. समस्या म्हणजे वेतन, प्रवास, शौचालय, लैंगिक छळ, पाळणाघर, आजारपण, सगळंच. सहा वर्षांत सगळं होत नाही.

तिसरी, ‘महिला कामगार’. कायम, कंत्राटी, शिकाऊ की घरी बसून काम करणाऱ्या? यांचे मालक वेगळे, कायदे वेगळे, गाठायची जागासुद्धा वेगळी.

तुम्ही स्वतःच लिहिलं आहे की ईएसआयचा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मग तोच प्रबंध करा.

रबाळे_लोकल

@खाडीकाठ, पटलं. क्षेत्र टीटीसीपुरतं ठेवते, म्हणजे दिघा ते शिरवणे. पण ईएसआयवर ‘समस्या’ सोडून प्रश्न कसा बांधायचा? ‘ईएसआयबद्दल जागरूकता’ असा एक पर्याय डोक्यात आहे.

खाडीकाठ

जागरूकता नको. ‘किती टक्के स्त्रियांना माहीत आहे’ हे मोजून तुम्ही थांबाल आणि समिती विचारेल, ‘मग पुढे?’ यंत्रणा कशी चालते ते बघा, प्रश्न तिथेच सापडतो.

ईएसआयचं अंशदान सहा महिन्यांच्या कालावधीने मोजलं जातं : १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या कालावधीतल्या अंशदानावर पुढच्या जानेवारी ते जूनमधले लाभ ठरतात, दुसऱ्यावरच्या जुलै ते डिसेंबरमधले. आजारपणाच्या रजेचा पगार, म्हणजे वेतनाच्या ७० टक्के आणि वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, हवा असेल तर त्या कालावधीत किमान ७८ दिवसांचं अंशदान भरलेलं लागतं. प्रसूती लाभासाठी लगतच्या दोन कालावधींत मिळून ७० दिवस लागतात.

आता कंत्राटी बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कंत्राटदार बदलला, मध्ये वीस-पंचवीस दिवस नाव कुठेच नाही. किंवा नव्या कंत्राटदाराने जुना विमा क्रमांक जोडायच्या ऐवजी नवा काढला. क्रमांक खरं तर एकच राहायला हवा, पण तो दुहेरी झाला की जुने दिवस एका खात्यात आणि नवे दुसऱ्यात. एकूण ९० दिवस भरूनही प्रत्येक खात्यात ४५ दिसतात. बाई त्याच गेटातून आत जाते, त्याच यंत्रावर काम करते, पगारातून ०.७५ टक्के कापलेही जातात, आणि आजारी पडल्यावर कळतं की ती अपात्र आहे.

हा संशोधनाचा प्रश्न आहे : कंत्राटदार बदलल्यामुळे अंशदानात खंड पडतो का, किती पडतो, आणि त्या खंडामुळे कोण कोणत्या लाभाला मुकतं? याला कारण आहे, परिणाम आहे, तुलना आहे. आणि तो समाजशास्त्राचाच आहे, कारण पुढचा प्रश्न येतो की बायका मग काय करतात. खाजगी डॉक्टर, उसनवारी, भिशी, गावी जाणं, की आजार अंगावर काढणं?

अजून एक. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि १९४८ चा ईएसआय कायदा तिच्यात सामावला आहे. तुमच्या उत्तरदात्या जुन्या आणि नव्या दोन्ही काळांतले अनुभव सांगतील. ‘अभ्यासाचा कालखंड’ या मथळ्याखाली कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतचे अंशदान-कालावधी धरता ते स्पष्ट लिहा. हे लिहिलेलं नसेल तर कायदा जाणणारा सदस्य नक्की थांबवेल.

तळटीप

ग्रंथालयाच्या बाजूने काही गोष्टी.

‘या विषयावर आतापर्यंत संशोधन झालेले नाही’ हे वाक्य आराखड्यातून काढून टाका. सदस्य फोनवर शोधगंगा (पीएच.डी. प्रबंधांचा ऑनलाइन साठा) उघडतात आणि दोन मिनिटांत तीन प्रबंध दाखवतात. त्याऐवजी ‘अमुक इतक्या कामांनी अमुक पाहिलं, त्यांपैकी कोणीही कंत्राटदार-बदल हा घटक वेगळा मोजला नाही’ असं लिहा. ते खरं आहे की नाही हे तपासायला शोधगंगेवर मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत शोध घ्या. मराठी प्रबंधांची शीर्षकं बऱ्याचदा रोमन लिपीत, हवी तशी लिहून चढवलेली असतात. ‘कंत्राटी’चीच चार स्पेलिंगं निघतात. शोधगंगेवर पूर्ण झालेले प्रबंध असतात. चालू संशोधनांचे मंजूर आराखडे शोधगंगोत्रीवर मिळतात, तेही बघा. दोन्ही ठिकाणी कोणत्या तारखेला, कोणते शब्द घालून शोधलं ते एका वहीत लिहून ठेवा. समितीत हे सांगितलं की साहित्य-आढाव्याबद्दलचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात.

फॉन्टचं नीट ऐका. श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली फाईल साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून दिसतच नाही, अक्षरांची खिचडी दिसते. मग साम्य शून्य येतं. तो अहवाल निरुपयोगी असतो आणि जाणकार ग्रंथपाल तो परत पाठवतो. सगळं युनिकोडमध्ये आणा. रूपांतर केल्यावर ‘र’फार, ‘ऱ्य’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ आणि अवतरणचिन्हं हाताने तपासा, कारण तिथेच तुटतं. स्कॅन केलेली पीडीएफ देऊ नका, फाईल थेट वर्डमधून पीडीएफ करा.

साम्याची मर्यादा २०१८ च्या यूजीसी नियमांत आहे. १० टक्क्यांपर्यंत किरकोळ. १० ते ४० ला सहा महिन्यांच्या आत सुधारून देणं. ४० ते ६० ला एक वर्ष सुधारित मसुदा देता येत नाही. त्यावर नोंदणी रद्द. ही शिक्षा प्रबंधासाठी आहे, पण आराखड्यालाही केंद्रं हीच फूटपट्टी लावतात. संदर्भसूची, अनुक्रमणिका, अवतरणात नीट श्रेय देऊन घेतलेला मजकूर, कायद्याची कलमं आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजणीतून वगळलेलं असतं. अहवाल काढताना ही गाळणी लावली आहे का, हे तपासून घ्या. इंग्रजी प्रबंधातला उतारा मराठीत आणून श्रेय न देणं यंत्र पकडेलच असं नाही. ते वाचणारा पकडतो, आणि मग विश्वास परत मिळत नाही.

एक शब्दाचा मुद्दा. तुम्ही ‘गृहीतकं’ लिहिलंय. गृहीत धरलेली गोष्ट तपासायची नसते. जे तपासायचं ते गृहीतकृत्य किंवा परिकल्पना. दोन्ही शब्द चालतात, एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

आकडेमोड

३८४ या आकड्यावर लिहायलाच हवं, कारण तो विचार न करता चिकटवला जातो.

तो येतो कुठून? ९५ टक्के विश्वासपातळी, प्रमाण निम्मं धरलेलं आणि चूक ±५ टक्के. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग, बरोबर ३८४.१६. हे खरं ठरतं ते फक्त तेव्हा, जेव्हा संपूर्ण यादी हातात आहे, तीतून चिठ्ठी टाकल्यासारखी निवड होते आणि तुम्हाला फक्त एक टक्केवारी काढायची आहे. टीटीसीतल्या कंत्राटी बायकांची एकत्र यादी तुम्हाला कोण देणार? म्हणजे पहिली अटच पूर्ण होत नाही.

प्रत्यक्षात तुम्ही वस्त्या निवडाल आणि प्रत्येक वस्तीतून काही बायका. एकाच वस्तीतल्या बायका बऱ्याचदा एकाच कंत्राटदाराकडे जातात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकींसारखी येतात. याचा भार असा मोजतात : १ अधिक, वस्तीतल्या मुलाखतींतून एक वजा करून त्याला अंतर्गत सहसंबंधाने (एका वस्तीतली उत्तरं एकमेकींसारखी किती, याच्या मापाने) गुणायचं. सहसंबंध ०.०५ धरला आणि प्रत्येक वस्तीत २० मुलाखती घेतल्या, तर भार १.९५. म्हणजे ३८४ चं काम करायला ७४९ मुलाखती. प्रत्येक वस्तीत १० च घेतल्या तर भार १.४५ आणि मुलाखती ५५७, पण वस्त्या ५६ लागतील. कमी वस्त्या, जास्त मुलाखती की उलट, हा निर्णय आराखड्यातच दिसला पाहिजे.

पण @खाडीकाठ म्हणतात तसा प्रश्न ठेवलात तर मुळात टक्केवारी काढायची नसून तुलना करायची आहे : कंत्राटदार बदललेल्या आणि न बदललेल्या. समजा एका गटात ५० टक्के अपात्र ठरतात आणि दुसऱ्यात ६५, आणि हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा आहे. तर प्रत्येक गटात १७० लागतात. १.४५ चा भार लावला की २४७. दोन गट मिळून ४९४. मी हाच आकडा ठेवेन, कारण तो तुमच्या मुख्य उद्दिष्टातून निघाला आहे. ५० आणि ६५ कुठून आणले, हे समिती विचारेल. त्यासाठी ३० ते ४० मुलाखतींची पूर्वचाचणी करून तिचे आकडे जोडा, नाहीतर आधीच्या एखाद्या कामाचा आधार द्या.

आता कॅलेंडर. अर्धवेळ संशोधक, उत्तरदात्या पाळ्यांमध्ये. बहुतेकींचा निवांत दिवस रविवार. ४० मिनिटांच्या मुलाखती, घरं शोधणं धरून एका रविवारी ६ होतात. ४९४ भागिले ६, म्हणजे ८३ रविवार. दीड वर्षाहून जास्त! प्रशिक्षित सहायक तिघी घेतल्या तर २८ रविवार. तुमच्या वेळापत्रकात क्षेत्रकार्याला ‘६ महिने’ लिहिलं असेल तर कोण मुलाखती घेणार आणि त्यांचं प्रशिक्षण किती दिवसांचं, तेही लिहा.

सानपाडा_जंक्शन

यादीच्या मुद्द्यावर थोडी भर. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे नोंदणीकृत कारखान्यांची यादी असते, तिच्यातून कारखाने निवडता येतात. पण कारखान्याच्या दारात किंवा एचआरच्या खोलीत मुलाखत घेतली की बाई सुपरवायझर बघतोय हे लक्षात ठेवून बोलते. कंत्राटाबद्दल तर नाहीच बोलत. वस्तीवर जा : दिघा, इलठणपाडा, रबाळे, तुर्भे स्टोअर. तिथे यादी नाही, म्हणून प्रत्येक वस्तीचा हातनकाशा काढा, घरांना क्रमांक द्या आणि दर इतक्याव्या घरी जायचं असं ठरवा. हे घर-मोजणीचं काम वेळापत्रकात वेगळी ओळ म्हणून दाखवा. ‘स्नोबॉल’ (एका बाईकडून पुढचीचं नाव घेत जाणं) वापरणार असाल तर चालेल, पण मग ३८४ किंवा ४९४ चं कोणतंही सूत्र त्याला लागू होत नाही. दोन्ही एकाच परिच्छेदात लिहिलेलं दिसलं की सांख्यिकीचा सदस्य पुढचं वाचत नाही.

एकूण आकडे लागतील ते माहिती अधिकारात मागा. वैयक्तिक नोंदी मिळणार नाहीत आणि मागूही नका.

पाम_बीच

नैतिकता समितीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सामाजिक शास्त्रवाल्यांना वाटतं हे फक्त वैद्यकीयसाठी आहे. तुम्ही आजारपण, गर्भपात, प्रसूती विचारणार, आणि उत्तरदात्या अशा की ज्यांची नोकरी एका फोनवर जाऊ शकते. संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आरोग्याविषयीच्या सामाजिक संशोधनालाही आधार देतात.

संमतीपत्र मराठी आणि हिंदी दोन्हींत हवं, दीड पानाच्या आत. त्यात हे ठळक हवं : भाग न घेतल्याने नोकरीवर किंवा ईएसआय लाभावर काही परिणाम होणार नाही, आणि मधेच थांबता येतं. वाचता न येणाऱ्या बाईसमोर ते मोठ्याने वाचायचं आणि तिच्या अंगठ्यासोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्यायची. तो साक्षीदार वस्तीतला कंत्राटदाराचा माणूस नसावा, हे मुद्दाम लिहा. दुसऱ्या राज्यांतून आलेल्या बायका बऱ्याच असतील, तेव्हा प्रश्नावली मराठीतून हिंदीत, आणि वेगळ्या व्यक्तीकडून पुन्हा मराठीत, असा उलटा अनुवाद करून पडताळा.

ईएसआय क्रमांक प्रश्नावलीवर लिहू नका. अंशदानाचे दिवस तिच्याच फोनवर किंवा कार्डावर बघून फक्त आकडा टिपा. नाव-पत्त्याची वही वेगळी, सांकेतिक क्रमांकाची वेगळी, आणि दोन्ही एका पिशवीत ठेवायच्या नाहीत. समितीला असा तपशील दिसला की विश्वास बसतो.

घोडबंदर

३१ पानांचं राहिलंच होतं. संस्थेने शब्दमर्यादा दिली असेल तर तीच, नसेल तर १२ ते १५ पानं पुरतात. तुमच्या ३१ मधली किती पानं प्रस्तावनेत जातात ते मोजा. वैदिक काळातल्या स्त्रीपासून सुरू करून मध्ययुग, इंग्रजी राजवट, स्वातंत्र्य असं येत येत आठव्या पानावर रबाळे येतं, असा आराखडा सदस्य चाळतात, वाचत नाहीत. प्रस्तावना दीड पान. पहिल्याच परिच्छेदात ७८ दिवसांची अट आणि कंत्राटदार-बदल यायला हवा. आढावा तीन-साडेतीन पानं, लेखकागणिक न करता मुद्द्यागणिक. त्यातून निघणारी उणीव अर्धं पान. उद्दिष्टं आणि परिकल्पना एक पान. पद्धतीला चार-पाच पानं बिनधास्त द्या, कारण परीक्षा तिचीच आहे. उरलेल्यात प्रकरणयोजना, वेळापत्रक, संदर्भ.

नऊ उद्दिष्टांची चार करा. ‘अभ्यास करणे’ हे क्रियापद शक्यतो काढा, कारण ते कधीच पूर्ण होत नाही. मोजणे, तुलना करणे, कारणे शोधणे, मांडणी करणे अशी क्रियापदं घ्या. आणि परिकल्पना अशी हवी की ती खोटी ठरू शकेल. ‘महिला कामगारांना अनेक समस्यांना तोंड द्यावे लागते’ हे कोणत्याही माहितीने खोटं ठरत नाही, म्हणून ती परिकल्पनाच नाही.

मग एक तक्ता करा, आडव्या पानावर. प्रत्येक उद्दिष्टासमोर : माहिती कोणाकडून, कोणत्या साधनाने, किती जणींकडून, विश्लेषण कसं, आणि कोणत्या प्रकरणात येणार. एखाद्या ओळीत एक रकाना रिकामा राहिला तर ते उद्दिष्ट तरी काढा, नाहीतर साधन तरी जोडा. प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न कोणत्या उद्दिष्टाचा, तेही समासात लिहा. ज्याला मालक नाही तो प्रश्न गाळा. माझ्या मते आराखडे परत येतात ते विषय वाईट म्हणून नाही, तर उद्दिष्ट एकीकडे आणि नमुना दुसरीकडे पाहतो म्हणून. हा तक्ता समितीच्या आधी तुम्हालाच ते दाखवतो.

रबाळे_लोकल

तक्ता करून बघितला. नऊपैकी चार उद्दिष्टांसमोर ‘साधन’ रिकामं राहिलं, आणि तीन एकच निघाली. आता तीन उरली आहेत :

१. टीटीसी पट्ट्यातल्या कंत्राटी स्त्री कामगारांच्या ईएसआय अंशदानातला खंड मोजणे.
२. कंत्राटदार बदललेल्या व न बदललेल्या स्त्रियांच्या आजारपण व प्रसूती लाभाच्या पात्रतेची तुलना करणे.
३. अपात्र ठरल्यावर त्या आजारपण कसे निभावतात, हे समजून घेणे.

तिसऱ्यासाठी ४९४ जणींना विचारू का?

खाडीकाठ

नको. तिसरं सखोल मुलाखतींचं काम आहे. ४९४ पैकी ज्या अपात्र निघतील त्यांतून २० ते २५ निवडा, पण निवड कशी ते आधी लिहा : वय, मूळ गाव, घरात दुसरा कमावता आहे की नाही, अशी विविधता राहील असं बघा. मुलाखती दीड तासाच्या, ध्वनिमुद्रणाची वेगळी संमती घेऊन. एक तास ऐकून उतरवायला पाच-सहा तास लागतात. म्हणजे २५ मुलाखतींचे जवळपास २०० तास, तेही वेळापत्रकात हवेत.

दुसऱ्या उद्दिष्टात ‘बदललेल्या’ म्हणजे काय, याची कामचलाऊ व्याख्या द्या. उदाहरणार्थ, लगतच्या दोन अंशदान-कालावधींत ज्यांच्या वेतनचिठ्ठीवर किंवा नोंदीवर एकाहून अधिक कंत्राटदारांचं नाव आलं त्या. दुहेरी विमा क्रमांक असलेल्यांचा वेगळा उपगट दाखवा. ती तुमच्या प्रबंधाची सगळ्यांत नवी गोष्ट ठरू शकते.

घोडबंदर

सादरीकरणाचं आणि कागदांचं थोडक्यात.

साधारण १५ ते २० मिनिटं मिळतात. स्लाइडा १२ च्या आत. त्यातली एक तक्त्याची, एक नकाशाची, एक वेळापत्रकाची. साहित्य-आढाव्याला एकच. आराखड्याच्या छापील प्रती सदस्यांच्या हातात किमान आठवडाभर आधी.

अर्धवेळ असल्याने नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी हव्यात : अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाचं स्वरूप पुरेसा वेळ देतं, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक मिळेल. नुसतं ‘हरकत नाही’ असं पत्र परत येतं. कोर्सवर्कची गुणपत्रिका जोडा. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीती हा विषय आणि किमान ५५ टक्के गुण दिसायला हवेत. मार्गदर्शकांची मान्यता चालू आहे ना, त्यांच्याकडच्या जागा भरलेल्या नाहीत ना, हेही बघा. मर्यादा प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ अशी आहे.

बैठक झाली की शेरे तोंडी घेऊन घरी जाऊ नका. मंजूर, सुधारणांसह मंजूर की पुन्हा सादरीकरण, यांपैकी काय, ते इतिवृत्तात यायला हवं. मग दोन-तीन पानांचा पूर्तता-तक्ता करा : शेरा शब्दशः, काय बदल केला, सुधारित प्रतीतलं पान. मार्गदर्शकांच्या सहीने तो सुधारित प्रतीच्या वर लावा. तो नसेल तर आरआरसीत जुनेच प्रश्न पुन्हा येतात.

तळटीप

शीर्षक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत द्यावं लागतं आणि अर्थ जुळला नाही तर नोंदणीपत्रावर घोळ होतो. मराठीत ‘कंत्राटी’ आणि इंग्रजीत ‘असंघटित’ असं झालं की दोन वेगळे प्रबंध होतात! दोन्ही शीर्षकं शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून बघा. मंजुरीनंतर शीर्षक बदलायचं तर पुन्हा आरएसी आणि आरआरसी. बदल लागणारच असेल तर तो क्षेत्रकार्य संपताच मागा, प्रबंध सादर करायच्या तोंडावर नको.

रबाळे_लोकल

सगळ्यांचे मनापासून आभार. नवं शीर्षक :

‘अंशदानातील खंड आणि विमा लाभांची पात्रता : ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कंत्राटी स्त्री कामगारांच्या समस्यांचा समाजशास्त्रीय अभ्यास’

ठीक आहे का?

खाडीकाठ

‘च्या समस्यां’ काढा. ‘कंत्राटी स्त्री कामगारांचा समाजशास्त्रीय अभ्यास’ पुरे. आणि मजकुरात सगळीकडे ‘टीटीसी’ लिहिलं आहे, शीर्षकात ‘ठाणे-बेलापूर पट्टा’. कोणतं तरी एक ठेवा आणि त्याची हद्द नकाशावर आखून जोडा.

रबाळे_लोकल

काढलं. मजकुरातही ‘ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा’ केलं, हद्द दिघा ते शिरवणे. नकाशा रविवारी करते.